डेट्रॉइटच्या पियानोवादकांचा हात कसा घडला आणि आपण रियाज कसा करावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण सहा वर्षे पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकला आहात आणि गेले वर्षभर जॅझ वाजवण्याचा प्रयत्न करीत आहात. उजव्या हाताची ओळ स्केलच्या, म्हणजे क्रमाने चढत्या-उतरत्या स्वरांच्या, पाठासारखी ऐकू येते आणि लय वाढवली की बोटे अडखळतात. टॉमी फ्लॅनगन, बॅरी हॅरिस आणि हँक जोन्स यांची ध्वनिमुद्रणे ऐकल्यावर आपल्याला वाटले की अमेरिकेतील एका डेट्रॉइट शहराच्या परिसरातून इतके सहज वाजवणारे पियानोवादक निघाले, त्या अर्थी त्यांचे काही खास तंत्र असणार. ते तंत्र कोणते, आणि रोज एक तास मिळत असेल तर त्याचा सराव कसा करावा, हे आपण विचारले आहे. मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ जॅझ पियानो वाजवतो आणि शिकवतो, आणि त्यातील बराच काळ याच परंपरेचा पाठपुरावा करण्यात गेला आहे. माझे मत आधीच सांगतो. या मंडळींनी बोटांचे तंत्र आणि रागदारीसारखे स्वरांचे व्याकरण कधी वेगवेगळे शिकले नाही. त्यांनी मोजकेच साहित्य घेतले, ते लयीत राहून असंख्य प्रकारे फिरवले, आणि हे काम बहुतेक वेळा चार जणांत बसून केले. आपल्या ओळीत जो पाठासारखा कोरडेपणा येतो, तो स्केल वाजवल्याने येत नाही. स्केलमधील कोणता स्वर कोणत्या मात्रेवर पडतो याकडे लक्ष नसल्याने येतो.

आधी शहराविषयी सांगतो, कारण रियाजाची पद्धत तिथूनच समजते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत आली आणि मोटारींच्या कारखान्यांमुळे डेट्रॉइट हे त्यांतील एक मोठे आकर्षण ठरले. १९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. वर्णभेद तिथेही होता, घरे कोठे घ्यावीत यावर बंधने होती. पण नियमित पगार होता आणि त्या पगारातून अनेक कामगार घरांत पियानो आला. हॅरिस यांची आई चर्चमध्ये पियानो वाजवीत असे आणि त्यांचे पहिले धडे वयाच्या चौथ्या वर्षी तिच्याकडेच झाले. पुढे ग्लॅडिस वेड डिलर्ड या शिक्षिकेकडे फ्लॅनगन, हॅरिस आणि कर्क लाइटसी हे तिघेही शिकले. जॅझच्या इतिहासात क्लबांची नावे ठळक अक्षरांत येतात आणि अशा शिक्षिकांची नावे तळटीपेत जातात, हे मला नेहमीच खटकते.

दुसरा भाग सरकारी शाळांचा. कास टेक्निकल हायस्कूलमधून पॉल चेंबर्स, रॉन कार्टर, डोनाल्ड बर्ड आणि रोलंड हॅना हे वादक बाहेर पडले आणि पुढच्या पिढीत जेरी ॲलन याच शाळेत शिकल्या. शाळेत वाद्यवृंद होता, स्वरलेखन वाचायला शिकवले जात होते, आणि संध्याकाळी हीच मुले एकमेकांच्या घरी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि पियानोवादक बड पॉवेल यांच्या तबकड्या लावून त्यांतील ओळी उतरवून घेत होती. फ्लॅनगन यांचा जन्म १९३० चा, हॅरिस यांचा १९२९ च्या डिसेंबरातला, हॅना यांचा १९३२ चा. म्हणजे पार्कर आणि पॉवेल यांची बीबॉप ही जॅझ शैली नवी असताना हे सारे पंधरा-अठरा वर्षांचे होते. हँक जोन्स त्यांच्याहून बरेच मोठे, १९१८ चे. ते जवळच्या पॉन्टिॲकमध्ये वाढले, त्यांचे धाकटे भाऊ थॅड आणि एल्विन हेही थोर वादक झाले.

वादनाची जागा म्हणून दोन ठिकाणे आवर्जून सांगण्यासारखी आहेत. टायरमन रस्त्यावरील ब्लू बर्ड इन हे वस्तीतले छोटे ठिकाण होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी बिली मिचेल यांच्या नेतृत्वाखालील तिथल्या वादकसंचात थॅड आणि एल्विन जोन्स व टॉमी फ्लॅनगन होते, आणि ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस १९५३-५४ च्या सुमारास काही महिने डेट्रॉइटमध्ये राहिले तेव्हा तेही तिथे वाजवत. ती वास्तू २०१९ मध्ये डेट्रॉइट साउंड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने जतनासाठी विकत घेतली. लिव्हरनॉय मार्गावरील बेकर्स कीबोर्ड लाउंज १९३० च्या दशकापासून चालू आहे. तिथला वळणदार बार पियानोच्या पट्ट्यांसारखा रंगवलेला आहे आणि शेजारच्या टोलीडो शहरात जन्मलेले पियानोवादक आर्ट टेटम तिथे वाजवीत असत. पण या वारशाचा मोठा भाग आज पाहायला मिळत नाही. हेस्टिंग्ज रस्ता आणि त्याच्या आसपासच्या ब्लॅक बॉटम व पॅराडाइज व्हॅली या वस्त्या १९५० च्या दशकात आणि १९६० च्या आरंभी पुनर्विकास व महामार्गासाठी पाडण्यात आल्या, आणि त्यांच्याबरोबर वादनाच्या कितीतरी जागाही गेल्या. चांगले वादक तोवर न्यूयॉर्कला निघू लागले होते. फ्लॅनगन १९५६ मध्ये गेले, हॅरिस १९६० मध्ये. तरीही शिकवण्याची साखळी तुटली नाही. १९६० च्या दशकात तिथे स्थायिक झालेले ट्रम्पेटवादक मार्कस बेलग्रेव्ह यांनी जेरी ॲलन, केनी गॅरेट, रेजिना कार्टर यांच्या पिढीला हाताशी धरले.

याला घराणे म्हणावे का, असे मराठी वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. मला ते तितकेसे पटत नाही. घराण्यात एक गायकी वरून खाली उतरते; इथे जवळजवळ समवयस्क मुलांनी एकमेकांना शिकवले. हॅरिस वयाच्या विशीतच असताना त्यांचे घर ही जणू खुली शाळा होती. जो हेंडरसन, चार्ल्स मॅकफर्सन, लॉनी हिलियर हे तिथे येत आणि यांतले बरेचसे पियानोवादक नव्हतेच. सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि पियानो या तिघांनाही एकाच वेळी उपयोगी पडेल असे काहीतरी शिकवायचे, या गरजेतून हॅरिस यांनी पार्कर आणि पॉवेल यांच्या ओळींमागचे नियम शोधले. पुढे न्यूयॉर्कमध्ये, २०२१ च्या डिसेंबरात निधन होईपर्यंत, ते हेच शिकवत राहिले. आपल्या तासाभराच्या रियाजाचा गाभा मी तिथूनच घेतो.

सुरुवात एका ओळीने करा. जी सेव्हन या कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या जी, बी, डी, एफ या स्वरांच्या गटाचे) स्केल घ्या: जी, ए, बी, सी, डी, ई, एफ. त्यात सात स्वर आहेत आणि चार मात्रांच्या आवर्तनात अर्ध्या मात्रेचे आठ स्वर बसतात. वरच्या जीपासून सरळ खाली आलात तर एक स्वर कमी पडतो, आणि पुढच्या आवर्तनाच्या समेवर जीऐवजी एफ येतो. पुढची सगळी मांडणी एका अर्ध्या मात्रेने घसरते. हीच ती पाठासारखी वाटणारी ओळ. आता जी आणि एफ यांच्यामध्ये एफ शार्प घाला: जी, एफ शार्प, एफ, ई, डी, सी, बी, ए. मोजून पाहा. चार मात्रांवर जी, एफ, डी आणि बी पडतात, म्हणजे कॉर्डचेच चार स्वर, आणि पुढच्या समेवर पुन्हा जी येतो, जो जी सेव्हननंतर बहुधा येणाऱ्या सी मेजरचा पंचम आहे. कॉर्ड न वाजवताही कॉर्ड ऐकू येते. हॅरिस यांच्या पद्धतीत अशा जादा अर्धस्वराचे, म्हणजे मध्ये घातलेल्या स्केलबाहेरच्या स्वराचे, नियम आहेत: कॉर्डच्या स्वरावरून, म्हणजे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या किंवा सातव्यावरून निघालात तर एक अर्धस्वर, दुसऱ्या, चौथ्या किंवा सहाव्यावरून निघालात तर एकही नाही किंवा दोन. एवरून दोन अर्धस्वर घेऊन उतरा: ए, ए फ्लॅट, जी, एफ शार्प, एफ, ई, डी, सी, आणि पुढच्या समेवर बी. निघतानाचा ए सोडला तर पुन्हा मात्रांवर कॉर्डचेच स्वर येतात. हे नियम पाठ करण्यापेक्षा बोटाने मोजून पटवून घेणे बरे.

इथे बोटांचा विचार ओघाने येतो. वरची पहिली ओळ उजव्या हाताने चार, तीन, दोन, एक आणि पुन्हा चार, तीन, दोन, एक अशी वाजवून पाहा. अंगठा दोन्ही वेळा मात्रेच्या मधल्या जागेवर, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात पडतो. बीबॉपच्या ओळीत हलका जोर बऱ्याचदा याच मधल्या जागांवर असतो, त्यामुळे अंगठ्याचे नैसर्गिक वजन इथे उपयोगी पडते. शास्त्रीय शिक्षणात आपण अंगठ्याचा ठसा लपवायला शिकलेले असता; इथे तो पूर्ण लपवू नका, पण आदळूही देऊ नका. चौथे बोट अंगठ्यावरून पलीकडे नेताना कोपर बाहेर उडत असेल तर मनगट थोडे त्या दिशेने आधीच सरकवा. लय वाढली की बोटे अडखळतात असे आपण लिहिले आहे. माझ्या अनुभवात दहातील आठ जणांची अडचण बोटांच्या वेगाची नसून याच वळणावर हात उशिरा पोहोचण्याची असते.

मेट्रोनोम (ठोके देणारे लययंत्र) ५० वर ठेवा आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. म्हणजे प्रत्यक्षात मिनिटाला १०० मात्रांची लय होते. पहिली आणि तिसरी मात्रा आपली आपण सांभाळायची. सुरुवातीला ठोका सरकून पहिल्या मात्रेवर गेल्यासारखा वाटेल; तेव्हा वाजवणे थांबवून फक्त तोंडाने ओळ म्हणा आणि मग हात लावा. स्विंगसाठी, म्हणजे जॅझच्या झोकदार लयीसाठी, अर्ध्या मात्रा किती असमान ठेवाव्यात, याचे एकच प्रमाण नसते. संथ लयीत पहिला भाग दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकतो; लय वाढते तसे दोन्ही भाग समान होत जातात. द्रुत लयीत मुद्दाम झोके देत वाजवणे ही शिकाऊ वादकाची हमखास खूण आहे. मीही सुरुवातीची काही वर्षे चारही मात्रांवर ठोका लावून वेग वाढवत गेलो आणि त्याचे फळ म्हणजे ठोका बंद झाला की लयही बंद होत असे, शिवाय उजव्या मनगटात दुखणे मागे लागले ते वेगळेच.

डी मायनर सेव्हन आणि त्यानंतर जी सेव्हन ही जोडी आपल्याला पावलोपावली भेटेल. बहुतेक पाठ्यपुस्तके प्रत्येक कॉर्डसाठी वेगळे स्केल देतात. हॅरिस यांची भूमिका अशी की एकच ओळ वाजवणाऱ्याने पहिल्या कॉर्डचा वेगळा विचार करण्याचे कारण नाही; दोन्हींवर जी सेव्हनचेच स्केल चालवावे. यामुळे डोक्यावरचा भार निम्मा होतो आणि उरलेले लक्ष ओळीच्या आकाराकडे देता येते. त्याच स्केलमध्ये तीन-तीन स्वरांच्या उड्या, चार स्वरांच्या कॉर्ड मोडून, वरून खाली आणि खालून वर, प्रत्येक स्वराआधी एक अर्धस्वर लावून, असे पलटे करा. आपल्याकडे गायक एकाच रागात शेकडो पलटे घोटतो, तोच हा प्रकार आहे. हे बसले की एक मजेदार नाते पाहा. बी, डी, एफ, ए फ्लॅट या डिमिनिश्ड कॉर्डमधील कोणताही एक स्वर अर्ध्या पायरीने खाली आणला की एक सेव्हन कॉर्ड तयार होते: बी फ्लॅट, डी फ्लॅट, ई आणि जी यांच्या. ही चार भावंडे आहेत. जी सेव्हनच्या जागी इतर तिघांची ओळ वाजवता येते आणि बीबॉपमधील जे स्वर चुकीचे वाटूनही गोड लागतात, त्यांतले बरेच इथून येतात. मात्र पहिले दोन-तीन महिने भावंडांकडे जाऊ नका. जी सेव्हनचे घर नीट लावल्याशिवाय पाहुणचाराला निघू नये.

आता डावा हात आणि कॉर्ड. सी मेजरच्या स्केलमध्ये पाचव्या आणि सहाव्या स्वरांच्या मध्ये ए फ्लॅट घाला. आपल्या भाषेत सांगायचे तर सर्व शुद्ध स्वर आणि जोडीला कोमल धैवत. या आठ स्वरांतून एकाआड एक स्वर घेतले तर दोनच कॉर्ड निघतात: सी, ई, जी, ए ही सी सिक्स्थ, आणि बी, डी, एफ, ए फ्लॅट ही डिमिनिश्ड. स्केल चढताना ही दोन आलटून पालटून येतात: स्थिर, अस्थिर, स्थिर, अस्थिर. सी सिक्स्थ अशी मांडा की खालून वर जी, सी, ई, ए हे स्वर येतील. खालचे दोन डाव्या हातात, वरचे दोन उजव्या हातात. आता प्रत्येक आवाज या आठ स्वरांच्या स्केलवर एकेक पायरी वर न्या: ए फ्लॅट, डी, एफ, बी. आणखी एक पायरी: ए, ई, जी, सी, म्हणजे पुन्हा सी सिक्स्थ. असे दोन सप्तके वर आणि खाली करा, अगदी संथपणे, चारही स्वर एकाच क्षणी पडतात की नाही याकडे कान ठेवून. कॉर्ड म्हणजे एका जागी उभा राहिलेला ढीग, ही समजूत या एका पाठाने जाते. सी सिक्स्थमध्ये ए ऐवजी शेजारच्या कॉर्डमधला बी उसना घेतला तर मेजर सेव्हन्थ होते. बी ऐकून मग तो एवर सोडा, म्हणजे त्या स्वराचा ताण आणि त्याचे सुटणे दोन्ही हाताला समजतील.

याच साहित्यातून बाकीच्या कॉर्ड निघतात. डी मायनर सेव्हनमध्ये एफ सिक्स्थचेच स्वर आहेत, तेव्हा बास डी ठेवून एफ सिक्स्थच्या पायऱ्या वाजवा. जी सेव्हनवर साधा रंग हवा असेल तर डी मायनर सिक्स्थ, गडद रंग हवा असेल तर ए फ्लॅट मायनर सिक्स्थ. नंतर सी सिक्स्थवर या. तीन कॉर्डच्या या प्रवासात प्रत्येक ठिकाणी दोन-तीन पायऱ्या चाला. मी विद्यार्थ्यांना आठवड्याला एकच आधारस्वर (इंग्रजीत ‘की’) देतो आणि बारा आठवड्यांनी बारा आधारस्वर पूर्ण होतात. एका दिवसात बाराही आधारस्वरांतून धावणारा विद्यार्थी मला नेहमीच काळजीत टाकतो, कारण त्याला बहुधा यादी पूर्ण करायची असते.

तासाची विभागणी मी अशी सुचवीन, पण घड्याळाचे गुलाम होऊ नका. पहिली वीस-पंचवीस मिनिटे एका सेव्हन कॉर्डच्या ओळींना द्या, त्यांत निम्मा वेळ डाव्या हाताशिवाय. पंधरा मिनिटे कॉर्डच्या पायऱ्यांना. उरलेला वेळ एकाच गाण्याला, आणि ते गाणे किमान महिनाभर बदलू नका. गाण्यात आधी चाल वाजवा, मग डाव्या हाताने फक्त मूळ स्वर आणि सातवा किंवा तिसरा, मग उजव्या हाताने अर्ध्या मात्रांची अखंड ओळ, संपूर्ण गाणे न थांबता. अखंड ओळीत सौंदर्य नसते हे खरे. पण कोठे विचार अडतो ते तिथेच कळते. आठवड्यातून दोनदा तेच गाणे अगदी विलंबित लयीत वाजवा. संथ लयीत वाजवणे सोपे असते हा मोठा गैरसमज आहे. दोन स्वरांमधील रिकामी जागा धरून ठेवायला हाताला जास्त बळ लागते.

लय किती निर्णायक असते याचे सर्वांत बोलके उदाहरण डेट्रॉइटच्याच वादकाचे आहे. १९५९ च्या मे महिन्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘जायंट स्टेप्स’च्या ध्वनिमुद्रणात फ्लॅनगन पियानोवर होते. कॉर्डची ती अवघड मांडणी त्यांनी आधी पाहिली होती, पण ती इतक्या द्रुत लयीत वाजवली जाईल याची कल्पना नव्हती, असे त्यांनी पुढे सांगितले. त्या ध्वनिमुद्रणातील त्यांचे एकल वादन मधेच तुटते आणि शेवटी ते केवळ कॉर्ड वाजवतात. जगातल्या बहुतेक जॅझ विद्यार्थ्यांनी ते ऐकलेले आहे. १९८२ मध्ये त्यांनी तीच रचना आपल्या त्रयीसह पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि ती निश्चिंतपणे वाजवली. दोन्ही एकामागून एक ऐका. फ्लॅनगन यांच्यासारख्याला जे पहिल्या दिवशी जमले नाही, ते आपल्याला तिसऱ्या आठवड्यात जमले नाही तर हताश होण्याचे कारण नाही.

स्पर्शाबद्दल थोडेसे. हँक जोन्स आणि फ्लॅनगन यांचा आवाज मऊ आहे, पण अस्पष्ट नाही. त्यासाठी पट्टीच्या तळापर्यंत जायचे आणि पोहोचल्यावर लगेच सैल व्हायचे. दाबून धरायचे नाही. पॅडल ओळ वाजवताना जवळजवळ वापरू नका, नाहीतर स्वरांच्या कडा पुसल्या जातात. सराव इलेक्ट्रॉनिक वाद्यावर करीत असाल तर पट्ट्या वजनदार आहेत याची खात्री करा, आणि आठवड्यातून एकदा तरी खरा पियानो मिळेल असे पाहा. हॅनॉनचे, म्हणजे शास्त्रीय पियानोतील बोटांच्या व्यायामाचे, पाठ सुरू ठेवावेत का, असेही आपण विचारले आहे. पाच मिनिटे हात गरम करण्यापुरते चालतील. त्यापेक्षा जास्त वेळ मी देणार नाही, कारण वरच्या ओळींत बोटांना तोच व्यायाम मिळतो आणि कानही त्यात सामील असतो. दुखू लागले तर त्याच क्षणी थांबा, आणि दुखणे काही दिवस टिकले तर वैद्यकीय सल्ला घ्या.

शेवटी एक गोष्ट जी पुस्तकातून होत नाही. हॅरिस यांच्या घरात जमणाऱ्यांकडे जे होते ते म्हणजे दुसऱ्या माणसाचे कान. आपल्याला पियानोवादकच मिळायला हवा असे नाही. गिटार, बासरी किंवा नुसते गाणारे कोणीही चालेल. आठवड्यातून एकदा तासभर बसा. एकाने बासची ओळ किंवा केवळ मूळ स्वर चालवायचे, दुसऱ्याने त्यावर अर्ध्या मात्रांची ओळ वाजवायची किंवा म्हणायची, आणि प्रत्येक आवर्तनानंतर न थांबता कामे बदलायची. चूक झाली तरी वाजवणे सुरू ठेवायचे, आणि ती कोठे झाली हे गाणे संपल्यावर समोरच्याने सांगायचे.